वार पडेपर्यंत

१. आधी चेहरा, मग घड्याळ

कळा सुरू झाल्या म्हणून आलेली पहिलटकरीण मला बघून हसली, तर मी तिला चहा पाजते आणि ओसरीवर फेऱ्या मारायला सांगते. हसता येतंय तोवर बाळ लांब असतं. कळ आल्यावर बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं, हात खिडकीच्या गजाकडं गेला, वरच्या ओठावर घाम आला, की मी हात धुवायला उठते.

माझी बहुतेक नोकरी कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठच्या उपकेंद्रात गेली. अलीकडं जावळीचे डोंगर, पलीकडं कांदाटी खोरं, मधे धरणाचं पसरलेलं पाणी. पलीकडची बाई लाँचनं बामणोलीला किंवा तापोळ्याला यायची आणि पुढं गाडीनं कासचं पठार ओलांडून साताऱ्याला. घरोघरचे पुरुष मुंबईत माथाडी कामाला, सुना पहिल्या खेपेला गावी आलेल्या. पावसाळ्यात वारा सुटला की लाँच बंद आणि पठारावर धुकं. अशा ठिकाणी घाई आणि उशीर यांतलं अंतर फार थोडं असतं.

शिकताना आम्हाला गणित दिलं होतं, की पिशवीचं तोंड उघडायला लागलं की तासाला एक सेंटिमीटर. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हे गणित सैल केलं. पाच सेंटिमीटरच्या पुढंच खरी प्रसूती धरा, आणि आई-बाळ ठीक असतील तर नुसता वेग मंद आहे म्हणून कळा वाढवायच्या मागं लागू नका, असं आता सांगतात. म्हाताऱ्या सुइणी हेच करत होत्या. फक्त त्यांच्याकडं सेंटिमीटर नव्हते.

तरी मी कागदाला कमी लेखत नाही. प्रसूती कशी पुढं सरकतेय ते नोंदवायचा पार्टोग्राफचा तक्ता सुरुवातीपासून भरणारी सिस्टर आणि बाळ झाल्यावर आठवून भरणारी सिस्टर यांच्यात मला फार फरक वाटतो. त्या तक्त्यावरच्या सावधानतेच्या आणि कृतीच्या रेघा फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी १९७२ मध्ये त्यावेळच्या ऱ्होडेशियात, आजच्या झिंबाब्वेत, आखल्या. लांबच्या दवाखान्यात एकट्या असणाऱ्या सुईणीला बाईला पुढं कधी धाडायचं ते कळावं, म्हणून. म्हणजे तो कागद माझ्यासारखीसाठीच काढलेला आहे.

२. बाईला आडवं पाडायची घाई नको

आमच्या भागात एक म्हातारी सुईण होती. दात नव्हते, नजर अधू, पण पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठं आहे ते बिनचूक सांगायची. ती बाईला कधी झोपवायची नाही. आढ्याला दोर बांधायचा, बाईनं तो धरून उकिडवं बसायचं, मागून कुणीतरी टेकू द्यायचा. दवाखान्यातलं टेबल पहिल्यांदा बघून ती मला म्हणाली, "बाई, पानी उताराला जातंय, चढाला न्हाय. हितं तर समदं उताणंच."

तिचं बरोबर होतं. उताणं झोपवलं की गर्भाशयाचा भार पाठीच्या बाजूच्या मोठ्या शिरेवर येतो आणि बाळाकडं जाणारं रक्त कमी होतं. टेबल सोयीचं आहे ते बघणाऱ्याला. मी टेबलाशेजारी जाड चटई घालून ठेवायची आणि बाईलाच ठरवू द्यायची. कुणी कुशीवर, कुणी गुडघ्यांवर, कुणी उभी, कपाळ भिंतीला लावून. माझी कंबर दुखायची, हे खरं.

३. सोबत कुणाची

प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिच्या माणसांपैकी एक बाई असू द्यावी, असं केंद्र सरकारनं २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांना कळवलं. सोबतिणीनं स्वतः बाळंतपण काढलेलं असावं, ही अट मला शहाणपणाची वाटते. पण कुणी काढलेलं, हाही प्रश्न आहेच. आई असली तर लेकीबरोबर रडते. सासू असली तर, "मी रानात मोकळी झाले न् तिसऱ्या दिशी खुरपं धरलं," हे ऐकवल्याशिवाय राहत नाही. सगळ्यांत चांगली सोबत मी बघितली ती जावेची. तिला दोन-तीन वर्षांपूर्वीचं स्वतःचं सगळं लख्ख आठवत असतं, म्हणून ती फार बोलत नाही. कंबर कुठं दाबायची ते तिला सांगावं लागत नाही. घरात दोघींचं पटत नसलं तरी.

४. तोंड सांभाळावं

"आता का ओरडतेस? तेव्हा गोड लागलं ना?" हे वाक्य मी शिकत असताना ऐकलं, माझ्याहून कितीतरी हुशार आणि अनुभवी बायकांच्या तोंडून. मांडीवर चापटी मारलेलीही पाहिली. एका सिस्टरकडं चार-चार टेबलं, रात्रपाळीला रात्रपाळी जोडलेली, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी ते वाक्य कशानंही माफ होत नाही. आणि त्यानं कामही होत नाही. घाबरलेल्या बाईच्या कळा मंदावतात. मग त्याच कळा वाढवायला सलाईनमधून औषध सोडायचं!

५. पाच गोष्टी स्वच्छ

हात, जागा, ब्लेड, नाळ बांधायचा दोरा आणि नाळेचं टोक. या पाच स्वच्छता दाईच्या प्रशिक्षणात असायच्या आणि आजही पुरेशा आहेत. टोकावर काही लावायचं नाही. राख नाही, हळद नाही, शेण तर नाहीच. पूर्वी धनुर्वातानं बाळं जायची ती इथूनच. नाळेची स्वच्छता आणि गरोदरपणातली लस यांनी तो आटोक्यात आला, आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं भारताबाबत २०१५ मध्ये मान्य झालं. आजच्या मुलींनी अशी केस बघितलेलीही नसते, आणि म्हणूनच कंटाळा शिरतो.

एक गोष्ट मी नव्या मुलींना मुद्दाम सांगते. १८४७ मध्ये व्हिएन्नामध्ये सेमेलवाइस या डॉक्टरनं हात धुण्याचा नियम केला, तो दोन वॉर्डांतला फरक बघून. एका वॉर्डात शिकाऊ डॉक्टर, दुसऱ्यात शिकाऊ सुइणी. बाळंतिणी जास्त मरायच्या त्या डॉक्टरांच्या वॉर्डात, कारण ते प्रेतांची चिरफाड करून थेट तिथं यायचे. हे सांगताना मला थोडा आनंद होतो, तो मी लपवत नाही.

६. बाळ रडलं नाही तर

उलटं धरून पाठीवर थापट्या मारायच्या नाहीत. कोरड्या कपड्यानं पुसायचं, पाठ चोळायची, तोंडात घाण दिसली तर काढायची. तरी श्वास नाही, तर पहिल्या मिनिटाच्या आत अंबू बॅग आणि मास्कनं हवा द्यायची, मिनिटाला चाळीस ते साठ या गतीनं. बहुतेक बाळांना एवढंच लागतं. सगळी खोली तुमच्याकडं बघून ओरडत असताना गती न वाढवणं, हे सरावानंच येतं. म्हणून मी रिकाम्या दुपारी बाहुलीवर हात चालवत बसायची. शिपाई हसायचा, हसू दे.

७. बाळ झालं म्हणजे बाळंतपण झालं नाही

बाळ रडलं की खोलीतलं प्रत्येक माणूस बाळाकडं वळतं. बाहेर नारळ फुटतो, फोन लागतात. मुलगा की मुलगी, कुणासारखं नाक, वजन किती. नेमकं तेव्हा माझं काम सुरू होतं, आणि ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असतं. आधी पोटावर हात ठेवून दुसरं बाळ नाही ना, हे बघायचं. मग गर्भाशय आवळावं म्हणून एका मिनिटाच्या आत मांडीत ऑक्सिटोसिनची दहा युनिटं. नाळ लगेच कापायची नाही. एक ते तीन मिनिटं थांबलं की बाळाला रक्त जास्त मिळतं. मग वारेची वाट. नाळ जराशी लांबते, थोडं रक्त येतं, गर्भाशय वर उचललं जातं, तेव्हा वार सुटलेली असते. त्याआधी ओढाओढ केली तर नाळ तुटते, किंवा त्याहून वाईट होतं. पडलेली वार पसरून, उलटसुलट करून बघायची. तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही. अर्ध्या तासात वार पडली नाही तर गाडी बोलवायची.

आणि वार पडल्यावर हात पोटावरून काढायचा नाही. बेंबीखाली कडक गोळा लागला पाहिजे. तो मऊ झाला की आतल्या रक्तवाहिन्या उघड्याच राहतात. भरल्या दिवसांत गर्भाशयाला मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त मिळत असतं, त्यामुळं धडधाकट बाई दोन तासांत जाऊ शकते. आमच्याकडच्या बायका धडधाकट कुठून असणार? हिमोग्लोबिन अकराच्या खाली म्हणजे पंडुरोग, आणि नऊ असलं तरी आम्ही 'बरं आहे' म्हणायचो. एकीला पचणारं रक्त जाणं दुसरीला पचत नाही.

एका जुलैत पलीकडच्या गावातून निरोप आला म्हणून मी लाँचनं गेले आणि बाईला घेऊन परत निघाले. तिसरी खेप, त्यामुळं पाण्याच्या मधोमध बाळ झालं. मुलगी, चांगली रडली. लाँचवाल्यानं भोंगा वाजवला. सासूनं नात पदरात घेतली, गावचे दोघं पुरुष पाठ फिरवून बसले होते ते हसायला लागले. वारही पडली. माझ्याकडं ऑक्सिटोसिन नव्हतं, कारण ते दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं आणि गावात तीन दिवस वीज नव्हती. त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या दोनशेच्या तीन गोळ्या होत्या. त्यांना थंडी लागत नाही. त्या बाळ होताक्षणी तोंडातून दिल्या होत्या. तरी हाताखाली गोळा धरेना. चोळलं की कडक व्हायचा, हात सैल केला की मऊ. फडकी भिजत होती.

मग मी तिला विचारलं, "लघवी कधी केलीस?" ती गप्प. घरातून निघाल्यापासून केली नव्हती. लाँचवर पुरुष, कुठं बसणार? भरलेली लघवीची पिशवी गर्भाशयाला आवळू देत नाही. सासू आणि मी मिळून लुगड्याचा आडोसा धरला, लाँचमधलं पाणी उपसायची बादली घेतली, लाँचवाल्याला समोर बघायला सांगितलं. तिला लाजेनं होईना. सासू ओरडली, "अगं कर की, मरतीस का आता लाजून!" झाली. आणि पाच-सात मिनिटांत गोळा असा धरला की मला बोटांना कळलं. बामणोलीला रुग्णवाहिका उभी होती. साताऱ्यात तिला रक्ताची एक पिशवी लागली.

पुस्तकात हे एका ओळीत आहे. मी ते लाँचमधल्या बादलीसकट सांगते, कारण नव्या मुलींना ओळ आठवत नाही, बादली आठवते.

किती रक्त गेलं याचा डोळ्यांचा अंदाज नेहमी कमी निघतो. फडक्यात जातं, चटईत जातं, पाण्यात मिसळतं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ऐंशी रुग्णालयांत ई-मोटिव्ह नावाचा अभ्यास झाला, २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. बाईखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावायची आणि रक्तस्राव दिसला की सगळे उपचार एकदमच सुरू करायचे. एकामागून एक करून बघत बसायचं नाही. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया आणि मृत्यू, हे सगळं मिळून साठ टक्क्यांनी कमी झालं. एका पिशवीची किंमत ती काय. मी सेवेत असताना ती मिळाली असती, तर मी उशाला घेऊन झोपले असते.

८. चीक फेकू नका

पहिलं पिवळं दूध पिळून टाकायचं, बाळाला मध किंवा गूळपाणी चाटवायचं, ही चाल मोडायला आम्हाला फार बोलावं लागलं. शास्त्र सांगून सासूला पटत नाही. "गाईचा चीक वासराला पाजता ना? मग?" एवढ्यानं पटायचं. बाळ उघड्या छातीवर ठेवून तासाभरात पाजायला लावण्यात माझा आणखी एक स्वार्थ होता. बाळ ओढायला लागलं की गर्भाशय आवळतं.

९. बातमीचा क्रम

बाहेर वाट बघणाऱ्यांना मी एकाच क्रमानं सांगायची. आधी, "बाई चांगली आहे." मग, "बाळ चांगलं आहे." मग काय झालं ते. मधेच कुणी "पेढे का बर्फी?" विचारलं तरी क्रम मोडायचा नाही. तिसरी मुलगी असली की "बाई चांगली आहे" हे जरा मोठ्यानं सांगायचं.

१०. पुढं पाठवायचं तर वेळेत, आणि सोबत जाऊन

थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये तीन उशिरांची मांडणी केली. घरात ठरवायला उशीर, रस्त्यात पोचायला उशीर, दवाखान्यात उपचार मिळायला उशीर. आमच्याकडं पहिला आणि दुसरा हातात हात घालून यायचे. "मुंबईला मुलाला विचारतो," म्हणून सासरे बसायचे आणि डोंगरात रेंज नसायची. म्हणून आठव्या महिन्यातल्या भेटीतच मी विचारून ठेवायची, गाडी कुणाची, सोबत कोण, रक्त द्यायला कोण आणि मुलाला न विचारता निर्णय कोण घेणार. शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड जायचा.

बीपी १४०/९० च्या वर, डोकं ठणकतंय, डोळ्यापुढं अंधारी, लघवीत प्रथिनं, तर थांबायचं नाही. झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, आणि लगेच गाडी. ते इंजेक्शन फार दुखतं. दुखू दे.

आणि बाईला गाडीत घालून हात झटकायचे नाहीत. घाटात गर्भाशय चोळायला ड्रायव्हर येत नाही.

सिझरबद्दल मला रोज कुणीतरी विचारतं. ते जीव वाचवतं, मी तशा बायका पाठवल्यात आणि त्या बाळासकट परत आल्यात. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सरकारी दवाखान्यांत शंभरातल्या चौदा बाळंतपणांना सिझर लागलं आणि खाजगीत सत्तेचाळीसला. अडलेल्या बायका पुढं धाडल्या जातात हे धरलं, तरी एवढ्या फरकाचं उत्तर नुसत्या बायकांच्या पोटात सापडणार नाही.

११. सव्वा महिना

आपल्याकडं बाळंतिणीला सव्वा महिना जपायची रीत आहे. आमच्या नोंदवहीत बेचाळीस दिवस. जवळजवळ एकच हिशेब. आशाताईनं घरी जायच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, आणि बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्याही दिवशी. या भेटींच्या मागं गडचिरोलीतलं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'चं काम आहे. गावातल्याच बाईनं घरी जाऊन नवजात बाळं वाचवता येतात, हे त्यांनी दाखवलं आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं.

पण तिथंही नजर बाळावरच जाते. वजन, नाळ, दूध. आईला ताप आहे का, अंगावरून घाण वासाचं जातंय का, एक पाय सुजलाय का, झोप येते का, उगाच रडू येतं का, हे विचारायला वेगळं बसावं लागतं. "बाळाला जरा आजीकडं द्या," असं म्हणून मी बाईला पडवीत नेऊन बसवायची. पहिल्यांदा सगळ्या "बरी हाय" म्हणतात. दुसऱ्यांदा विचारलं की कळतं, की दोन आठवडे ती धड झोपलेली नाही आणि शेकाच्या धुरानं तिचं डोकं उठलंय.

केंद्र सरकारनं २०१८ मध्ये मिडवाइफसाठी अठरा महिन्यांचा वेगळा अभ्यासक्रम आखला. नर्सिंग झालेल्या मुलींना त्यात प्रसूतीचं काम स्वतःच्या जबाबदारीवर करायला शिकवायचं. मला त्याचं बरं वाटतं. त्यांच्या वह्यांत ही पडवीतली भेट किती पानांवर येते, ते मला बघायचंय.

बेचाळिसाव्या दिवशी पाळणा लांबवायची गोष्ट काढावी लागते, आणि तिथं सासू हमखास मधे येते. त्या लाँचमधल्या बाईच्या सासूनं विचारलंच, "बाई, आता नातू कधी?"

मी म्हटलं, "आत्या, आधी हिचं रक्त अकराच्या वर जाऊ दे. मग बोलू."

"त्याला किती दिस लागत्यात?"

"तुम्ही ताटात काय वाढता त्यावर."

त्या आत गेल्या आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात धाकट्या सुनेला म्हणाल्या, "आळवाचं फदफदं हाय का गं, असंल तर हिला आधी वाढ."